फक्त मुले, फक्त मुली, फक्त फॅमिली

वाकडमध्ये जाहिराती वाचायला पेपर उघडावा लागत नाही. भुमकर चौकातून डांगे चौकाकडे निघा, विजेच्या खांबांवरच सगळं चिकटवलेलं असतं. खोली भाड्याने. नोकरी ताबडतोब. कर्ज चोवीस तासांत. आणि त्यातल्या कितीतरी कागदांवर सर्वांत ठळक अक्षरांत काय असतं? कोणी यायचं आणि कोणी यायचं नाही.

पीजीचेच कागद घ्या. 'गर्ल्स पीजी : सुरक्षित परिसर, सीसीटीव्ही, घरगुती जेवण, रात्री दहाला गेट बंद.' शेजारच्याच खांबावर 'बॉईज पीजी : वायफाय, पार्किंग, येण्याजाण्याचं बंधन नाही.' आता या दोन पीजींत राहणारी दोघं हिंजवडीत एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये, एकाच शिफ्टला आहेत. शिफ्ट सुटते अकराला.

तिने कुठं जायचं?

रात्री अकराला मुलीला गेटबाहेर उभं ठेवणाऱ्या नियमाला 'सुरक्षित' म्हणायची हिंमत जाहिरातवालाच करू शकतो. अर्थात तो मजकूर तिच्यासाठी नसतोच. तो लातूरला नाहीतर जळगावला बसलेल्या तिच्या वडिलांसाठी असतो. पगार तिचा, भाडं ती भरणार, आणि जाहिरात बोलते भलत्याशीच.

मग 'फक्त फॅमिली'. नवरा, बायको, मूल म्हणजे फॅमिली. तिशीतली एकटी राहणारी बाई म्हणजे चौकशी. तिशीतला एकटा पुरुष म्हणजे कटकट. एका पाटीत दोघांनाही बाद करून मालक मोकळा.

पण भाड्याची खोली आज नाही तर उद्या मिळते. नोकरीच्या कागदावर ज्याला बाद केलं, त्याच्या आयुष्याचं वळणच चुकतं. म्हणून तिथं जरा थांबायला हवं.

चाकणकडे चला. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी. इथली हेल्पर-ऑपरेटरची भरती व्हॉट्सअॅपवर चालते आणि तिचा मजकूर आता सगळ्यांना पाठ झाला आहे. 'पाहिजेत. फक्त मुले. वय १८ ते २८. दहावी, बारावी, आयटीआय. बारा तास ड्युटी, कॅन्टीन, बस. आधार, पॅन, पासबुक घेऊन गेटवर यावे.' खाली ठेकेदाराचा नंबर. पाठोपाठ दुसरा मेसेज : 'फक्त मुली. पॅकिंग, चेकिंग. जनरल शिफ्ट.'

मशीन मुलांची आणि पॅकिंग मुलींचं, हे ठरवलं कुणी? कोणत्या चाचणीत?

सीएनसी मशीनवर जॉब लावायला, माप घ्यायला, ऑफसेट बदलायला दंड लागत नाहीत. डोळा लागतो, एकाग्रता लागते. मायक्रोमीटर कुणाच्या हातात आहे हे बघून वेगळं माप देत नाही. आणि जिथं वजन उचलून खरोखरच कंबर मोडते, ते काम मुलांच्या तरी माथी का मारायचं? तिथं होइस्ट लावा, ट्रॉली द्या. विशीतल्या पोराच्या पाठीचा मणका काय कंपनीच्या स्टोअरमधून बदलून मिळतो?

'मुलींचा हात नाजूक, काम नीटस,' असं पॅकिंगचं समर्थन हमखास ऐकवलं जातं. मग तोच नीटस हात मशीनवर का नको? हेल्पर मुलगा ऑपरेटर होतो, ऑपरेटर सेटर होतो, सेटरचा सुपरवायझर होतो. पॅकिंगच्या पुढची पायरी कोणती?

पॅकिंग.

वयाची अटही नीट वाचा. अठ्ठावीस ही मुलासाठी वयाची मर्यादा आहे. मुलीसाठी ती लग्नाची मर्यादा आहे, फक्त तसं कुणी लिहीत नाही. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदुरला फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित बायकांना जोडणीच्या कामापासून दूर ठेवलं जातं, अशी बातमी 'रॉयटर्स'ने जून २०२४ मध्ये दिली. कंपनीने भेदभाव नाकारला. पण काही महिन्यांत नोकरभरती करणाऱ्या एजन्सींना सूचना गेल्या : जाहिरातीतून लिंग, वय आणि लग्नाच्या अटी काढा. एका बातमीनंतर सुचतं ते आधी का सुचत नाही?

आपल्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात तर हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

१९७४ साल. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात वाचली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. हुशार, मेहनती, तरुण इंजिनीअर हवेत, असा मजकूर होता. आणि खाली बारीक अक्षरांत सूचना होती की महिलांनी अर्ज करू नये. तिने पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं. कंपनीने तिला पुण्याला मुलाखतीला बोलावलं, निवडलं. टेल्कोची ती पहिली महिला इंजिनीअर. पुढे सुधा मूर्ती या नावाने सगळ्या देशाला माहीत झाली.

ही गोष्ट शाळेच्या गॅदरिंगपासून महिला दिनाच्या भाषणापर्यंत सगळीकडे सांगितली जाते. सांगताना सगळा भर मुलीच्या धाडसावर आणि जेआरडींच्या मोठेपणावर. दोन्ही खरं. पण त्यातली सर्वांत कामाची गोष्ट निसटते.

ती ओळ छापलेली होती.

छापलेली होती म्हणून दिसली. दिसली म्हणून राग आला. राग आला म्हणून पोस्टकार्ड लिहिता आलं. कंपनीचं नाव होतं, पत्ता होता, उत्तर देणारा माणूस होता. अन्याय उघड्यावर होता, त्यामुळे त्याला जाबही उघड्यावर विचारता आला.

आज तशी ओळ कुठल्याही मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सापडणं कठीण. तिथं 'समान संधी' असते, हसऱ्या मुलींचे फोटो असतात, हेल्मेट घातलेल्या. आणि गेटवरच्या कंत्राटी भरतीत 'फक्त मुले' असतं. ती ओळ पुसली गेली नाही, ठेकेदाराच्या फोनमध्ये राहायला गेली.

आता पोस्टकार्ड कुणाला घालायचं? कंपनी म्हणणार, जाहिरात आमची नाही. ठेकेदार म्हणणार, मागणी कंपनीची आहे. दोघांच्या मधल्या फटीत मुलीचा अर्ज पडतो.

कायदा नाही म्हणून हे चालतं, असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. सुधा कुलकर्णींच्या पोस्टकार्डानंतर दोनच वर्षांत, १९७६ मध्ये, समान मोबदला कायदा आला. त्याचं पाचवं कलम सरळ आहे : सारख्या कामाच्या भरतीत बाईला डावलायचं नाही, कायद्यानेच त्या कामाला मनाई असेल तेवढा अपवाद. त्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे आणि तिथं भाषा आणखी रुंद झाली आहे. भरतीत लिंगावरून भेदभाव नको. म्हणजे 'फक्त मुले' चुकीचं, आणि पॅकिंगसाठी 'फक्त मुली' हेही तितकंच चुकीचं.

पन्नास वर्षं कायदा आहे. व्हॉट्सअॅपला तो माहीतच नाही.

'अहो, रात्रपाळी असते ना!' हे पुढचं उत्तर तयारच असतं. १९४८ च्या कारखाने कायद्याचं ६६ वं कलम बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवू देत नव्हतं, हे खरं. तो काळही सरला. संमती, सुरक्षा, येण्याजाण्याची सोय अशा अटी पाळून रात्रपाळी देता येते. मग आता अडतं कुठं? बसचा खर्च, विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह, रात्री एक महिला सुपरवायझर. हा सगळा खर्च वाचवायला दोनच शब्द पुरतात. 'फक्त मुले.'

१९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे याच स्वरूपाचा खटला आला होता, तोही पिट्सबर्गहून. पोलादाचं शहर, कामगारांचं शहर. तिथलं 'पिट्सबर्ग प्रेस' हे वर्तमानपत्र नोकऱ्यांच्या छोट्या जाहिराती पुरुषांच्या आणि बायकांच्या अशा वेगळ्या रकान्यांत छापायचं. महापालिकेच्या मानवी हक्क आयोगाने हरकत घेतली. वर्तमानपत्र म्हणालं, हे आमचं छपाईचं स्वातंत्र्य. न्यायालयाने एका मताच्या फरकाने सांगितलं, बेकायदा भेदभावाला रकाना देणं हे स्वातंत्र्यात बसत नाही. पुढल्याच वर्षी टेल्कोची नोटीस लागली. आणि आज आपण ग्रुपवर तेच दोन रकाने पुढे ढकलतो आहोत, हात जोडलेल्या इमोजीसह.

हिंजवडीच्या काचेच्या इमारतींना हे सगळं चाकणचं दुखणं वाटेल. त्यांच्या जाहिरातीत मुले-मुली नसतं. तिथं 'अॅग्रेसिव्ह' माणूस हवा असतो, 'निन्जा' हवा असतो, 'रॉकस्टार' हवा असतो. २०११ मध्ये डॅनिएल गॉशर आणि सहकाऱ्यांनी नोकरीच्या जाहिरातींतल्या अशा शब्दांवर संशोधन केलं. स्पर्धा, वर्चस्व, नेतृत्व असे पुरुषी छापाचे शब्द भरलेली जाहिरात वाचून बायकांना ती नोकरी कमी आवडली. आपल्याला ते काम जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं. आपण तिथले नाही, असं वाटत होतं. मराठी घरातल्या पोरीला हे समजायला संशोधन लागत नाही. लग्नघरात पुरुषांच्या बैठकीत ती पाण्याचा ट्रे घेऊन जाते तेव्हाच तिला कळलेलं असतं.

आता गाड्यांकडे वळू. शेवटी हा पट्टा गाड्यांवर जगतो.

२००१ मध्ये बजाजने पल्सर आणली. चाकणच्या कारखान्याची ती शान. घोषवाक्य होतं, 'डेफिनेटली मेल'. दोन चाकांच्या यंत्राला पुरुषत्वाचा दाखला देऊन टाकला. आणि जाहिरात प्रचंड चालली. पुण्यात कॉलेजच्या पार्किंगपासून एमआयडीसीच्या गेटपर्यंत पोरांनी पल्सर घेतली.

मग २०१६ मध्ये त्याच कंपनीची डॉमिनार आली. चाकणमध्ये ती जोडणारी टीम बायकांची होती, आणि कंपनीने ते कौतुकाने सांगितलं. सांगायलाच हवं होतं. पिंपरीत टाटा मोटर्सनेही हॅरिअर आणि सफारीसाठी सगळ्या बायकांची असेंब्ली लाइन उभी केली. जिथं १९७४ मध्ये एक इंजिनीअर मुलगी चालत नव्हती तिथं आज लाइनच्या लाइन बायका चालवतात.

मग चारचाकीच्या जाहिरातीत डोंगर चढणाऱ्या गाडीत बाई बहुतेक वेळा शेजारच्या सीटवरच का असते? बोल्ट आवळायला चालते, स्टिअरिंगला नाही?

एक मात्र सांगतो. 'सगळ्या बायकांची लाइन' ही सुरुवात म्हणून उत्तम. मुक्काम म्हणून नको. खरी बातमी त्या दिवशी होईल, जेव्हा एकाच लाइनवर दोघं असतील आणि त्याचा फोटो काढायला कुणी येणार नाही.

स्कूटरची गंमत वेगळी. हिरो होंडाने प्लेझर आणली तेव्हा प्रियांका चोप्राच्या तोंडी प्रश्न होता की सगळी मजा मुलांनीच का करायची. मुलींसाठी खास शोरूमही काढली, 'जस्ट फॉर हर' नावाची. ऐकायला छान. पण मजेची मोजपट्टी कुणाची? मुलांचीच. मुलीने गाडी घ्यायची ती कामावर वेळेत पोचायला. काळेवाडी फाट्याहून भोसरीला दोन बस बदलत जाणाऱ्या मुलीचा रोज तासभर वाचतो, हे सांगणारी जाहिरात कुणाला सुचली नाही.

आणि अॅक्टिव्हा? सकाळी तो कंपनीत नेतो, दुपारी ती शाळेच्या गेटवर, रविवारी आजोबा मंडईत. सगळ्या घराची गाडी. देशात सर्वाधिक खपणारी स्कूटर तीच. अंगावर मुलाचं किंवा मुलीचं लेबल नसल्याने खप बुडतो, हे ज्यांनी पसरवलं त्यांनी विक्रीचे आकडे बघावेत.

महामार्गालगतच्या बिल्डरांच्या होर्डिंगांवर नजर टाका. नवरा चावी दाखवतो, बायको खिडकी उघडते. तिच्या वाट्याला मॉड्युलर किचन, त्याच्या वाट्याला कर्जाचा हप्ता. दोघंही हिंजवडीत नोकरी करतात, दोघांच्याही पगारातून हप्ता जातो. जाहिरातीत मात्र एकाचा पगार गायब आणि दुसऱ्याचा स्वयंपाक.

अलीकडे त्यात भर पडली : 'घर तिच्या नावावर, मुद्रांक शुल्कात सवलत.' ही सवलत खरी आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर ऐंशी हजार वाचतात. पण घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावे हवं. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. होर्डिंगवर ही अट किती अक्षरांत असते? आणि सुरुवातीला आणखी एक अट होती : असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती निघाली. दोन वर्षं बाई मालकीण होती, पण गिऱ्हाईक कोण असावं ते सरकार सांगत होतं.

वाचणारी बाई असेल तर तिला अटीसकट सांगा. ती हिशेब करते.

गुंतवणुकीच्या जाहिराती तर साच्यातून काढलेल्या. मुलाचं शिक्षण, मुलीचं लग्न. बँका आता सावध झाल्यात, 'मुलांचं भविष्य' म्हणतात. पण हा साचा जाहिरातीपुरता नव्हता, तो योजनांतच मुरलेला आहे. २०१५ च्या सुकन्या समृद्धी योजनेत खातं मुदतीआधी बंद करायला मुलीचं लग्न हे अधिकृत कारण आहे. पीपीएफ खातं मुदतीआधी बंद करायचं तर आजारपण चालतं, उच्च शिक्षण चालतं. लग्न नाही.

मुलगा लग्न करत नाही वाटतं?

सुकन्या बंद करा असं मी म्हणत नाही. व्याज चांगलं आहे, लाखो मुलींच्या नावाने घरात पैसा साठतो आहे. पण पोस्टातलं पोस्टर वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला कळायला हवं की हे पैसे तिच्या कॉलेजचे आहेत. रुखवताचे नाहीत.

आणि सरकारच जाहिरातदार झालं तर? २०२४ च्या जुलैपासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण'. महिन्याला १५०० रुपये. वाकड-थेरगावच्या चाळीत, काळेवाडीच्या पत्र्याच्या खोलीत या पैशाने गॅस आला, मुलांची फी गेली. त्या पैशाला नाव ठेवणाऱ्यांनी आधी दीड हजारात महिना काढून दाखवावा. माझा आक्षेप नावाला आहे. बहिणीला भाऊ देतो ती ओवाळणी. ओवाळणी कधी थांबली, का कमी झाली, हे बहीण विचारत नाही. नागरिकाने सरकारला विचारायचंच असतं.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात तरुणांसाठी 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा, आणि सोबत आस्थापनेत प्रत्यक्ष काम. योजना मुला-मुली दोघांसाठी. पण लोकांच्या तोंडी नाव कोणतं पडलं? 'लाडका भाऊ'.

नोकरी म्हटली की भाऊ. मदत म्हटली की बहीण. हे कुणी शिकवलं आपल्याला?

गोरेपणाच्या क्रीमचं प्रकरण थोडक्यात उरकतो. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि बायकांना काळेपणाची लाज विकली. २००५ मध्ये इमामीने 'फेअर अँड हँडसम' काढून तीच लाज पुरुषांना विकली. २०२० मध्ये पहिल्या क्रीमच्या नावातल्या 'फेअर'चं 'ग्लो' झालं. पंचेचाळीस वर्षांत मोडलेली स्थळं आणि रडलेल्या रात्री कुणी परत केल्या?

पुरुषांनाही या भाषेने सोडलेलं नाही, हे नीट बघायला हवं. सिमेंट, सळई, बॅटरी, बनियन : सगळीकडे ताकद. विमा आला की त्याचं मरण. कर्ज आलं की त्याची जबाबदारी. घाबरलेला, दमलेला, लेकराचा लंगोट बदलणारा पुरुष जाहिरातीत आला की तो विनोदासाठी. चाकणला बारा तास उभा राहून खोलीवर आलेल्या पोराला मोबाइल सांगतो, मर्द बन. तो बिचारा आधी झोपू दे म्हणतो.

'प्रेस्टिज' कुकरची ती जुनी हिंदी ओळ आठवते? बायकोवर प्रेम असेल तर कुकरला नाही कसं म्हणशील. पैसे तो देणार, स्वयंपाक ती करणार, प्रेम कुकर सिद्ध करणार. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात बसली ती.

आणि त्याच काळात ललिताजी होती. निळ्या किनारीची साडी नेसलेली, दूरदर्शनवरची, सर्फवाली. कविता चौधरींनी रंगवलेली. ती भाव करायची, तोलून बघायची, स्वस्त आणि चांगलं यातला फरक ठणकावून सांगायची. धुणं तीच धूत होती, हे खरंच. पण जाहिरात तिच्याशी गणितात बोलत होती. निर्माच्या स्वस्ताईने हैराण झालेल्या कंपनीला बाईच्या डोक्यावर विश्वास ठेवावा लागला आणि तो विश्वास फळला. मग पुढे गुलाबी रंगावर का आलो आपण?

बाई किंवा पुरुष असा उल्लेखच जाहिरातीत नको, असला हट्ट मी धरणार नाही. दत्तमंदिर रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर 'लेडी ट्रेनर उपलब्ध' असतं. कितीतरी बायका त्या तीन शब्दांमुळे पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावतात. हा शब्द वाट मोकळी करतो. 'उपलब्ध' म्हणतो, निर्णय तिच्यावर सोडतो. 'फक्त' हा शब्द निर्णय आधीच घेऊन टाकतो.

८ मार्चला मात्र पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानाला बाई आठवते. फेशियलवर सूट, दागिन्यांच्या घडणावळीवर सूट, कंपनीत गुलाबाचं फूल. १९१० मध्ये कोपनहेगनला क्लारा झेटकिन यांनी हा दिवस मागितला तो मताच्या आणि कामाच्या हक्कांसाठी. १९१७ मध्ये पेत्रोग्राडच्या कापडगिरणीतल्या बायका याच दिवशी भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि झारची सत्ता हलली. कामगारांच्या गावात त्या दिवसाची एकच सूट शोभते : त्या दिवशी कायम नोकरीची ऑर्डर द्या.

जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन परिषदेने, म्हणजे 'अॅस्की'ने, जून २०२२ मध्ये लिंगाधारित साच्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. घरकाम फक्त बाईचं, निर्णय फक्त पुरुषाचा, असं ठसवू नका. टीव्हीवरच्या मोठ्या ब्रँडवर त्याचा थोडा वचक बसेल. पण खांबावरचा कागद आणि ग्रुपवरचा मेसेज या परिषदेपर्यंत कोण नेणार?

आणि आता तर कागदही नको. फेसबुकवर भरतीची जाहिरात टाकताना 'पुरुष' आणि 'स्त्री' यांपुढे खूण करायची सोय असते. खूण केली की उरलेल्यांना ती जाहिरात दिसतच नाही. अमेरिकेत नागरी हक्क संघटनांनी खटले भरले, तेव्हा मार्च २०१९ मध्ये कंपनीने तिथं नोकरी, घर आणि कर्जाच्या जाहिरातींसाठी ही खूण बंद करायचं मान्य केलं. तिथं.

त्याच वर्षी नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. जाहिराती दिल्या, लिंग निवडलंच नाही. तरी सुपरमार्केटच्या कॅशिअरची जाहिरात ज्यांना दिसली त्यांत ८५ टक्के बायका होत्या, आणि लाकूडतोडीच्या कामाची ज्यांना दिसली त्यांत ९० टक्के पुरुष. माणसाने खूण केली नाही, तर यंत्राने ती स्वतःच केली. आपल्याच जुन्या सवयींवरून शिकून.

१९७४ च्या मुलीला ओळ खटकली, कारण ती तिच्या डोळ्यांसमोर होती. आजच्या मुलीला कळणारही नाही की जाहिरात होती. जी आलीच नाही ती नोकरी नाकारली गेली, असं ती कुणाला सांगणार? कोणत्या खिडकीवर?

म्हणून मला पहिली मागणी करायची आहे ती कंपन्यांकडेच. ठेकेदार तुमचा आहे, गेट तुमचं आहे, बसवर नाव तुमचं आहे. मग भरतीचा मजकूरही तुमचाच. दर महिन्याला ठेकेदाराने पाठवलेले मेसेज आणि मोबाइलवरच्या जाहिरातींच्या खुणा तपासायला माणूस बसवा. किती मुलींनी फोन केले, किती मुलींना 'जागा भरली' सांगितलं, याची नोंद मागा. पुरवठादाराने पाठवलेला एक बोल्ट मापात नसला तर अख्खी खेप परत पाठवता ना?

आणि दुसरी पुण्याच्या कामगार आयुक्तालयाकडे. चाकणच्या भरतीच्या ग्रुपमध्ये शिरायला छापा घालावा लागत नाही, आमंत्रणाची लिंक खांबावरच चिकटवलेली असते. एका कर्मचाऱ्याने आठवडाभर त्यात बसावं, 'फक्त मुले' लिहिणाऱ्या नंबरांची यादी करावी आणि त्या ठेकेदारांच्या मुख्य कंपन्यांना नोटिसा पाठवाव्यात. कंपनी आणि ठेकेदार यांच्या करारात रंगाची छटा असते, बोल्टचा टॉर्क असतो, कॅन्टीनचा मेनूही असतो. भरतीच्या मजकुराबद्दल एक अट घालायला अजून किती पोस्टकार्डं लागणार आहेत?